कारखाना दाखवा, पण आपला दाखवा

१२ सप्टेंबर २०२१, रविवार. ‘संडे एक्सप्रेस’मध्ये उत्तर प्रदेश सरकारची मोठी जाहिरात आली. मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ आणि त्यांच्याखाली उड्डाणपूल, उंच इमारती, एक कारखाना. राज्याचा कायापालट झाला, असा एकूण सूर. कोलकात्याच्या लोकांनी तो पूल बघताक्षणी ओळखला. निळे-पांढरे कठडे त्यांच्या ‘मा’ उड्डाणपुलाचे, आणि वरून जाणारी पिवळी अँबेसेडर टॅक्सीही त्यांचीच. कारखाना तर अमेरिकेतला निघाला. आमच्या मार्केटिंग विभागाकडून चुकीचं चित्र गेलं, असं सांगून वर्तमानपत्राने दिलगिरी व्यक्त केली आणि डिजिटल आवृत्त्यांमधून ते काढून टाकलं.

चर्चा झाली ती पुलाची. मला जास्त लागला तो कारखाना. मुरादाबादचं पितळकाम, भदोहीचे गालिचे, फिरोजाबादच्या बांगड्या, कानपूरचं चामडं ज्या राज्यात आहे, त्याला रोजगाराचं चित्र अमेरिकेतून उसनं आणावं लागलं. तिथल्या कारागिराच्या दारात कॅमेरा घेऊन कुणी गेलंच नाही.

असं का होतं? जाहिरात उद्या छापायची असते. डिझायनर संगणकावर ‘फॅक्टरी’ असा शब्द टाकतो आणि पैसे भरले की कुणालाही वापरता येणाऱ्या तयार, म्हणजे ‘स्टॉक’ फोटोंतून एक उचलतो. फोटो कुठला आहे, हे त्या घाईत कुणी विचारत नाही. तपासणाऱ्यांची नजर नेत्याच्या चेहऱ्यावर आणि नावाच्या शुद्धलेखनावर. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूत हेच झालं. कुलशेखरपट्टिणमच्या नव्या रॉकेट प्रक्षेपण केंद्राच्या जाहिरातीत रॉकेटवर चीनचा झेंडा छापून आला. जाहिरात देणाऱ्या मंत्र्यांनी नंतर चूक मान्य केली.

काम करणाऱ्या माणसाला अशी चूक लगेच दिसते. सोल्डरिंग आयर्न मुठीऐवजी तापणाऱ्या दांडीलाच धरून बसलेल्या बाईचा एक स्टॉक फोटो प्रसिद्ध आहे. खरोखर तसं धरलं तर बोटं भाजतील. फिरत्या लेथजवळ हातमोजे घालून उभा राहिलेला कामगार दिसला, तर कुठलाही टर्नर सांगेल की हा कामगार नाही. मोजा चकमध्ये, म्हणजे वस्तू पकडून फिरवणाऱ्या भागात, अडकला तर हातच आत ओढला जातो. हे आयटीआयच्या पोरालाही माहीत असतं. जाहिरात मंजूर करणाऱ्यांनी अशा एका माणसाला ती आधी दाखवली, तर निम्म्या चुका तिथेच थांबतील.

चित्रातल्या माणसाबाबतही असंच होतं. ब्रिटनमध्ये २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत यूकेआयपी पक्षाने पोस्टर लावलं. डोक्यावर हेल्मेट घातलेला बांधकाम मजूर भीक मागतोय, आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त मजुरांमुळे ब्रिटिश कामगार भरडला जातोय, असा मजकूर. तो ‘ब्रिटिश’ मजूर आयर्लंडमधून आलेला नट होता.

पण चूक नेहमी फोटोचीच असते असं नाही. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने २०१३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत तयार झालेला ५० अब्ज डॉलरचा जादा माल घेऊ, त्यातून रोजगार येईल. पुढच्या वर्षी हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी बंद पडलेला कारखाना स्वतःची कहाणी सांगतोय, अशी जाहिरात आली. मन हलवणारी होती. २०१५ मध्ये ‘ट्रुथ इन ॲडव्हर्टायझिंग’ या संस्थेने वॉलमार्टच्या वेबसाइटवर ‘मेड इन यूएसए’ शिक्क्याची शंभरावर चुकीची किंवा दिशाभूल करणारी उदाहरणं दाखवली. अमेरिकेतला नियम कडक आहे. बिनशर्त ‘मेड इन यूएसए’ म्हणायचं तर वस्तू जवळजवळ पूर्णपणे अमेरिकेतच बनलेली हवी, नुसती जुळणी चालत नाही. अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली, वॉलमार्टने वेबसाइटवरचे शिक्के काढले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रकरण मिटलं. पुलाचा फोटो चुकला तर लोक हसतात. इथे मात्र आपल्या गावातल्या कामगाराला काम मिळावं म्हणून चार पैसे जास्त मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा विश्वास जातो, आणि हे नुकसान मला मोठं वाटतं.

चाकण, बुटीबोरी, शेंद्रा, इचलकरंजी यांच्या नावाने पानभर जाहिरात येईल तेव्हा मजकुराआधी फोटो बघा. मशीन ओळखीचं वाटतं का? भिंतीवरची पाटी कुठल्या भाषेत आहे? नोकऱ्यांचा आकडा दिला असेल, तर त्यात कायम किती आणि कंत्राटी किती? खटकलं तर संपादकांना पत्र लिहा. जाहिरात कंपनीची असेल, तर मुंबईतल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडे तक्रार करा. ही संस्था १९८५ पासून काम करते आहे आणि सामान्य ग्राहकही तिच्याकडे तक्रार करू शकतो.