नदीकाठचं परकं घर

आमच्या बँकेला शाळेचं वर्ष कधी सुरू होतं आणि कधी संपतं, याचा पत्ता कधीच नव्हता. त्यामुळे १९९२च्या नोव्हेंबरात मी कलकत्त्याला रुजू झालो तेव्हा सात वर्षांची माझी लेक अर्धी दुसरी सोलापुरात शिकली आणि उरलेली अर्धी हुगळीकाठी. सहा महिन्यांत ती झोपेत बंगाली बरळू लागली. आम्ही नवराबायको मात्र पाच वर्षं मासळीबाजारात हातवारेच करत होतो.

१९९६ साली तिथल्या एका फिल्म सोसायटीनं ज्याँ रेन्वारचा ‘द रिव्हर’ दाखवला. मी लेकीला बरोबर नेलं. चित्रपट १९५१चा. सुरुवातीलाच तांदळाच्या पिठीत बोटं बुडवून बाई अल्पना काढते, आणि लेक मोठ्यानं म्हणाली, ‘‘आमच्या खालच्या काकू काढतात तश्शी!’’ पुढच्या रांगेतले दोघेतिघे वळून हसले.

गोष्ट एका इंग्रज कुटुंबाची आहे. बाप तागाच्या कारखान्याचा व्यवस्थापक. नदीकाठी मोठा बंगला, पाच मुली, बोगी नावाचा एकुलता एक मुलगा आणि पुन्हा गरोदर असलेली आई. थोरली हॅरिएट कविता करते. शेजारी युद्धात पाय गमावलेला एक अमेरिकन कॅप्टन येतो आणि तीन मुली एकदमच त्याच्या प्रेमात पडतात. (मी त्या काळात तागाच्या गिरण्यांची कर्जखाती पाहत असे. त्यामुळे पडद्यावर प्रेम चाललेलं असताना माझं लक्ष मागच्या गाठींकडे! सवय जात नाही.)

ही कथा रुमर गॉडेन यांच्या कादंबरीवरची. त्यांचं स्वतःचं बालपण आज बांगलादेशात असलेल्या नारायणगंजला गेलं. वडील आगबोटीच्या कंपनीत होते. रेन्वारही तेव्हा परदेशीच म्हणायचा. १९४० साली फ्रान्स सोडून तो अमेरिकेत जाऊन राहिला होता. बंगालमध्ये तो चित्रणाच्या जागा शोधत हिंडला, तेव्हा बरोबर जाहिरात कंपनीत नोकरी करणारा एक उंच तरुण असे. तो सत्यजित राय. चित्रण बघायला नेमानं हजर राहणारा सुब्रत मित्र पुढे ‘पथेर पांचाली’चा छायाचित्रकार झाला. परक्या माणसांच्या त्या बिऱ्हाडानं आपल्याला काय काय दिलं बघा!

पण मला आजही अस्वस्थ करते ती मेलनी. बाप गोरा, आई हिंदुस्थानी. हे पात्र कादंबरीत नाही, रेन्वारनं चित्रपटासाठी घातलं. राधा श्रीराम या नर्तकीनं ते केलं. पुढे राधा बर्नियर या नावानं त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा झाल्या. मेलनी शिकून परत येते, साडी नेसते, आणि आपण नक्की कुणाच्यात बसतो हे तिला कळत नाही. हॅरिएटला निदान ‘आपण इंग्रज’ एवढं तरी ठाऊक आहे.

आणि मग बोगी. पिंपळाच्या मुळांत नाग राहतो. गारुड्यासारखी पुंगी वाजवून त्याला डोलवायचा बोगीला ध्यास. हॅरिएटला हे माहीत असतं, ती मोठ्यांना सांगत नाही. एका दुपारी सारं घर झोपलेलं असताना नाग त्याला चावतो. रेन्वार त्या दुपारी कुणाला आरडाओरडा करू देत नाही. पंखे, पडदे, झोपलेली माणसं, एवढंच दाखवतो. हॅरिएट नंतर रात्री होडी घेऊन नदीत शिरते, कारण आपण बोललो नाही हे तिला सोसत नाही. घरी येताना लेकीनं ट्राममध्ये एकच विचारलं, ‘‘सांगितलं असतं तर आई रागावली असती, म्हणून नाही का सांगितलं?’’ मी ‘‘असेल’’ म्हणालो.

पुढच्याच वर्षी, १९९७च्या सप्टेंबरात, माझ्या बदलीची ऑर्डर आली. दुर्गापूजा तोंडावर. लेकीचा नाच बसला होता, खालच्या काकूंची मुलगी तिच्या जोडीला. पूजा होऊ दे, मग सांगू, असं ठरवून मी ते पाकीट विम्याच्या कागदांखाली ठेवलं. दशमीला मूर्ती नदीत गेली आणि दुसऱ्या सकाळी मी सांगितलं. ती रडली नाही. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, हे कबूल करतो.

आज ती मस्कतला असते. तिचा मुलगा अकरा वर्षांचा, तिथंच वाढलेला. गेल्या गुरुवारी तिचा फोन आला. जावयाची नेमणूक सिंगापूरला झाली आहे. मुलाची फुटबॉलची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. ‘‘त्याला आत्ता सांगू की स्पर्धा झाल्यावर?’’

मी माझ्या अनुभवाचा हवाला देऊन ‘‘झाल्यावर’’ म्हणणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘‘बाबा, ते पाकीट मी तेव्हाच पाहिलं होतं. प्रगतिपुस्तक शोधताना. तीन आठवडे रोज तिच्याबरोबर नाचले, आणि तिला सांगितलं नाही. तुमचा बेत बिघडेल म्हणून.’’

मी काय बोलणार? तिकडे दार उघडल्याचा आवाज आला, दप्तर आपटल्याचा आला. ‘‘ठेवते,’’ ती म्हणाली, ‘‘तो आलाय.’’