ट्रेडमिलला स्मार्टवॉच जोडलं जातं का? "हो" म्हणण्याआधी हे समजून घ्या



फिटनेसच्या सामानाचं दुकान टाकायचं असो, नाहीतर गावात छोटी जिम सुरू करायची असो, एक प्रश्न तुमच्यासमोर येणारच. गिऱ्हाईक ट्रेडमिलसमोर उभं राहतं, आधी किंमत विचारतं, मग वॉरंटी, आणि मग मनगट पुढे करून म्हणतं, "दादा, माझं घड्याळ याला कनेक्ट होईल ना?"

बऱ्याच दुकानांत याचं उत्तर ठरलेलं असतं: "हो हो, ब्लूटूथ आहे ना!"

हे वाक्य किती महाग पडू शकतं, ते आधी बघू. समजा मशीन ४५,००० रुपयांचं आहे आणि त्यात तुमचं मार्जिन १२ टक्के, म्हणजे ५,४०० रुपये. घरी गेल्यावर घड्याळ जोडलं गेलं नाही आणि गिऱ्हाइकाने मशीन परत केलं. टेम्पो आणि हमाली जाताना १,५००, येताना १,५००. मशीन उघडलेलं, म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला १० टक्के सूट, म्हणजे ४,५००. झाले ७,५०० रुपये. म्हणजे मशीन दुसऱ्यांदा विकून ५,४०० मिळाले तरी तुम्ही २,१०० रुपयांनी खड्ड्यात! हे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमचे आकडे घालून हिशोब करून बघा. आणि त्या गिऱ्हाइकाने चार मित्रांना काय सांगितलं, ते यात धरलेलंच नाही.

म्हणून आज हा विषय मुळापासून समजून घेऊ.

"ब्लूटूथ आहे" याचे चार वेगवेगळे अर्थ

पहिला: फक्त गाणी. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ब्लूटूथ लिहिलेलं असतं, पण ते असतं मशीनच्या स्पीकरसाठी. मोबाईलवरचं गाणं मशीनवर वाजतं, संपलं. व्यायामाचा एकही आकडा इकडून तिकडे जात नाही. स्वस्त मशीनमध्ये हे सर्रास दिसतं.

दुसरा: मोबाईल ॲप. मशीन वेग, अंतर आणि चढ मोबाईलमधल्या ॲपला पाठवतं. इथे एक शब्द लक्षात ठेवा, एफटीएमएस. व्यायामाच्या मशीनने आपले आकडे कुठल्या भाषेत सांगायचे, याचा हा ब्लूटूथचा ठरलेला नियम आहे. मशीन हा नियम पाळत असेल तर झ्विफ्ट, किनोमॅप अशी बाहेरची ॲपही चालतात. नसेल तर फक्त कंपनीचंच ॲप चालतं. पण लक्षात घ्या, हे सगळं मोबाईलशी. बहुतेक स्मार्टवॉच हे आकडे मशीनकडून थेट वाचत नाहीत.

तिसरा: घड्याळातून मशीनकडे. घड्याळ तुमच्या हृदयाचे ठोके मशीनला पाठवतं आणि ते मशीनच्या स्क्रीनवर दिसतात. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत ठोके प्रसारित करायची सोय असते. पण मशीनलाही ते ऐकता यायला हवेत. इथे दोन फसव्या जागा आहेत. हँडलवरच्या धातूच्या पट्ट्या हात ठेवून ठोके मोजतात, त्यांचा घड्याळाशी काही संबंध नाही. आणि काही मशीनवर "वायरलेस हार्ट रेट" लिहिलेलं असतं, पण ते छातीला बांधायच्या जुन्या ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यांसाठी असतं. ब्लूटूथवालं घड्याळ त्याला ऐकूच येत नाही.

चौथा: दोन्ही बाजूंनी. गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतं ते हेच! ॲपलने २०१७ मध्ये जिमकिट आणलं. मशीनवरच्या खुणेजवळ ॲपल वॉच नेलं की दोघं जोडले जातात. अंतर, वेग, चढ घड्याळात येतात आणि ठोके मशीनवर जातात. टेक्नोजिम, लाइफ फिटनेस, मॅट्रिक्स अशा कंपन्यांच्या मशीनवर ही सोय मिळते, पण ती बहुतांशी मोठ्या जिमची, महागडी मॉडेल्स असतात. आणि ही सोय फक्त ॲपल वॉचसाठी आहे.

आता सांगा, गिऱ्हाईक चौथा अर्थ मनात धरून विचारतंय आणि तुम्ही पहिल्या अर्थाने "हो" म्हणताय. भांडण होणारच ना?

मग न जोडता घड्याळ किलोमीटर कसे दाखवतं?

गिऱ्हाईक म्हणेल, "पण माझ्या घड्याळात तर ट्रेडमिल मोड आहे!" असतोच. पण मोड असणं म्हणजे जोडणी असणं नव्हे.

बाहेर धावताना घड्याळ जीपीएसवर अंतर मोजतं. ट्रेडमिलवर माणूस जागच्या जागीच असतो, त्यामुळे जीपीएसचा उपयोग नाही. मग घड्याळ हाताचे झोके मोजतं, त्यावरून पावलं ठरवतं आणि पावलाच्या लांबीचा अंदाज लावून अंतर काढतं. थोडक्यात, तो अंदाज आहे, मोजमाप नाही.

म्हणूनच कोणी हँडल धरून चाललं की हात हलत नाही आणि घड्याळ अंतर कमी दाखवतं. मशीन म्हणतं २ किलोमीटर, घड्याळ म्हणतं दीड. गिऱ्हाईक म्हणतं मशीन खराब आहे. मशीन बिचारं पट्टा किती फिरला तेच सांगत असतं.

उपाय साधे आहेत, विकतानाच सांगून टाका:

- हँडल सोडून, हात मोकळे ठेवून चाला. तोल जात असेल तर वेग कमी करा, पण सुरक्षेची क्लिप कपड्याला लावलेलीच हवी.
- ॲपल वॉच असेल तर एकदा मोकळ्या मैदानात, नेहमीच्या चालीने साधारण २० मिनिटं चाला. त्यातून घड्याळ तुमच्या पावलाची लांबी शिकतं.
- गार्मिनमध्ये ट्रेडमिलवरचा व्यायाम संपल्यावर मशीनवरचं अंतर घड्याळात भरून कॅलिब्रेट करता येतं.
- अंतर जास्त अचूक हवं असेल तर बुटाला लावायचा फूट पॉड मिळतो. घड्याळ त्याला जोडता येत असेल तर तोही दाखवा. ही तुमची जोडविक्री!

चढाचं गणित: इथे तुम्ही गिऱ्हाइकाचा विश्वास जिंकता

हा मुद्दा फार कमी विक्रेते सांगतात. मनगटावरच्या घड्याळाला मशीनचा चढ कळत नाही. मशीन सपाट असो की ५ टक्के चढावर, घड्याळाला पावलं तेवढीच दिसतात.

व्यायामशास्त्रात चालण्याचं एक प्रसिद्ध सूत्र आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं. त्यात ७० किलो वजनाचा माणूस ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालतोय असं धरू. सपाट मशीनवर येतात साधारण १२५ कॅलरी. त्याच वेगाने ५ टक्के चढावर येतात साधारण २०० कॅलरी. अंतर तेच, वेळ तोच, मेहनत दीडपटीहून जास्त.

न जोडलेलं घड्याळ हा फरक फक्त वाढलेल्या ठोक्यांवरून ओळखायचा प्रयत्न करतं. मशीनला चढ माहीत असतो, पण माणसाचं वजन माहीत नसतं. वजन भरलं नाही तर ते ठरावीक वजन गृहीत धरतं. हेच सूत्र ५५ किलोच्या ताईंना लावलं तर सपाट मशीनवर १०० च्या आतच येतात. म्हणून दोन स्क्रीनवर दोन आकडे दिसले तर गिऱ्हाइकाला सांगा: "अंतर आणि चढ मशीनचं धरा, ठोके घड्याळाचे धरा आणि वजन दोन्हीकडे नीट भरा." या एका वाक्याने विक्रीनंतरचे निम्मे फोन वाचतात.

जोडून दाखवायची पद्धत

दुकानात डेमो देताना हा क्रम पाळा. पट्टा बंद असतानाच जोडणी करायची, चालू पट्ट्यावर मोबाईलशी खेळायचं नाही.

१. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधायला सांगा. मागचा हिरवा प्रकाश त्वचेतून रक्ताची हालचाल बघतो. पट्टा सैल असेल तर ठोके चुकतात.

२. ठोके मशीनला पाठवायचे असतील तर घड्याळात ठोक्यांचं प्रसारण सुरू करा, मग मशीनवर सेन्सर शोधा.

३. मोबाईल ॲप जोडायचं असेल तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊ नका. ॲप उघडा आणि त्याच्या आतूनच मशीन शोधा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये लोकेशनची परवानगीही द्यावी लागते.

४. जिमकिट असेल तर घड्याळाच्या व्यायामाच्या सेटिंगमध्ये जिमचं मशीन ओळखायचा पर्याय सुरू आहे का बघा. मग घड्याळ मशीनवरच्या खुणेजवळ धरा. हलकं कंपन आलं की जोडलं गेलं. व्यायाम सुरू आणि बंद मशीनवरूनच करायचा.

५. मशीन यादीत दिसत नसेल तर आधीचा फोन अजून जोडलेला आहे का बघा. बरीच मशीन एका वेळी एकच फोन घेतात.

६. मोबाईल ॲप आणि घड्याळ, दोन्हीकडे एकाच वेळी नोंद सुरू केली तर एकच व्यायाम दोनदा नोंदला जातो. कुठली नोंद ठेवायची ते गिऱ्हाइकालाच ठरवू द्या.

जिम टाकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी

चार सारखी मशीन घेतलीत तर ब्लूटूथच्या यादीत चार सारखीच नावं दिसतात आणि एकाचं ॲप शेजारच्याच्या मशीनला जोडलं जातं. ॲपमधून वेग बदलता येत असेल तर हे धोक्याचंही आहे. प्रत्येक मशीनच्या नावातले शेवटचे अंक बघून तसं स्टिकर मशीनवर लावा. दहा रुपयांचं काम आहे.

दुसरं, जिमकिटसारख्या सोयीसाठी जास्तीचं कर्ज काढण्याआधी तुमच्या भागातल्या माणसांची मनगटं बघा. ॲपल वॉच किती जणांकडे आहे? बहुतेकांकडे दोन-तीन हजारांची घड्याळं असतील तर तेच पैसे मजबूत मोटर आणि चांगल्या सर्व्हिसिंगवर घाला. मेंबर टिकतो तो चालू मशीनमुळे.

बिलावर काय लिहाल?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाबद्दल खोटी माहिती देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि त्यात तोंडी सांगितलेलंही येतं. "मी तर फक्त बोललो होतो" हा बचाव नाही. म्हणून घाऊक व्यापाऱ्याकडून मशीनची माहिती लेखी मागवा आणि बिलावर एक ओळ लिहा. उदाहरणार्थ: "ब्लूटूथ: स्पीकर व कंपनीचे ॲप. स्मार्टवॉच थेट जोडले जात नाही." गिऱ्हाइकाला ती वाचून दाखवा.

अशाने गिऱ्हाईक पळून जाईल, अशी भीती वाटते? काही जण जातीलही. पण जो थांबतो, तो माहिती घेऊन थांबतो, आणि त्याचं मशीन परत येत नाही.

या आठवड्याचं काम

दुकानात किंवा जिममध्ये असलेलं प्रत्येक मशीन घ्या आणि वहीत चार रकाने आखा: स्पीकर, ॲप, ठोके, दोन्ही बाजू. प्रत्येक गोष्ट स्वतः जोडून बघूनच खूण करा, बॉक्स वाचून नाही. अजून दुकान सुरू केलं नसेल तर माल ठरवताना हेच चार प्रश्न घाऊक व्यापाऱ्याला विचारा. ही वही काउंटरवर ठेवा. पुढचं गिऱ्हाईक मनगट पुढे करेल तेव्हा वही उघडा आणि खरं काय ते सांगा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. शिकत राहा, धंदा वाढवत राहा!