विजेची वखार : भागीदारीने चाललेले एक संशोधन

व्यापारात साठ्याचे महत्त्व काय आहे, हे आपल्या सभासद बंधूंस नव्याने सांगावयास नको. सुगीच्या दिवसांत धान्याची आवक वाढते व भाव उतरतो. पुढे आवक आटते, परंतु मागणी चालूच राहते. ह्या दोन काळांतील अंतर वखार भरून काढते. मात्र आपल्या दुकानात, गिरणीत व घरात रोज लागणारा एक माल असा आहे की, त्याला अद्याप पुरेशी वखार मिळालेली नाही. तो माल म्हणजे वीज.

वीजजाळ्याचा नियम मोठा कडक आहे. ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. हा तोल राहिला म्हणजे भारतातील विजेची वारंवारता सेकंदास ५० आवर्तने राहते. मागणी निर्मितीच्या पुढे गेली की ती घसरू लागते. हे जाळे किती नाजूक आहे, ह्याचा अनुभव ३० व ३१ जुलै २०१२ रोजी आला. अतिभाराने बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली, तेथून बिघाड पसरत गेला आणि दुसऱ्या दिवशी ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशातील वीज गेली.

सूर्यापासून वीज मिळू लागल्यावर ह्या प्रश्नास नवे स्वरूप आले. कोळसा गरजेनुसार जाळता येतो. सूर्य आपल्या सोयीने तळपत नाही. भर दुपारी वीज विपुल असते, आणि दिवेलागणीस मागणी चढते तेव्हा सौर वीज संपलेली असते. म्हणून साठा हवा.

ह्याचा जुना उपाय पाण्याचा. मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे व गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यावयाची. महाराष्ट्रात घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. तेलंगणातील श्रीशैलम डावा तीर केंद्रातही पाणी परत चढविणारी यंत्रे आहेत. अशा प्रकल्पांत १०० युनिटे घातली तर साधारणतः ७५ ते ८० परत मिळतात. तूट आहे, परंतु परवडणारी आहे. अडचण इतकीच की, डोंगर व दोन जलाशय प्रत्येक गावी नसतात.

राहिला बॅटरीचा मार्ग. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, ती लहान उपकरणांसाठी. जाळ्याच्या कामी लावावी तर तिची किंमत भारी. हे कोडे सोडविण्यासाठी अमेरिकेत २०१२ च्या नोव्हेंबरात ‘जॉइंट सेंटर फॉर एनर्जी स्टोरेज रिसर्च’ ह्या संयुक्त केंद्राची घोषणा झाली. शिकागोजवळील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा ही त्याची मुख्य पेढी, आणि तिच्यासह पाच राष्ट्रीय प्रयोगशाळा, पाच विद्यापीठे व चार खाजगी संस्था हे भागीदार. संचालक होते जॉर्ज क्रॅबट्री. पाच वर्षांसाठी १२ कोटी डॉलरचे सरकारी साहाय्य मिळाले. उद्दिष्ट असे की, पाच वर्षांत पाचपट साठा करणारी व एकपंचमांश किमतीची बॅटरी घडवावी.

पूर्वी रसायनशास्त्रज्ञ एखादा पदार्थ शोधून निबंध लिही, आणि तो पदार्थ बॅटरीत चालत नाही हे अभियंत्यास पुष्कळ वर्षांनी कळे. येथे दोघांना प्रथमपासून एकत्र बसविले. हजारो रेणूंचे गुण संगणकावर आधी पडताळून त्यांतील निवडक तेवढेच प्रयोगशाळेत घेण्यात आले. शिवाय बॅटरी बनविण्यापूर्वीच तिच्या पूर्ण खर्चाचा अंदाज मांडला जाई. लिथियम व हवा ह्यांच्या बॅटरीचा त्या काळी मोठा बोलबाला होता. परंतु पंप, टाक्या इत्यादी सर्व सरंजाम हिशेबात धरल्यावर मोटारींसाठी अपेक्षित लाभ उरत नाही, असे दिसून आले. माल घेण्याआधी पडताळा पाहण्याची ही रीत व्यापाऱ्यास परकी वाटू नये.

मग उद्दिष्ट साधले काय? ह्याचे सरळ उत्तर नाही असेच आहे. पाच वर्षांत तशी बॅटरी बाजारात आली नाही. उलट, मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे जुन्या लिथियम-आयन बॅटरीचीच किंमत २०१० ते २०२० ह्या दशकात सुमारे नऊ दशांशाने उतरली. तरीही भांडवल बुडाले असे म्हणता येत नाही. कोणत्या वाटा बंद आहेत हे कळले, नव्या कंपन्या निघाल्या, आणि २०१८ साली आणखी १२ कोटी डॉलर मंजूर झाले. पुढे २०२४ साली आरगॉनच्याच नेतृत्वाखाली तीन राष्ट्रीय प्रयोगशाळा व बारा विद्यापीठांची नवी आघाडी जाहीर झाली.

भारतही ह्या कार्यात मागे नाही. २०१७ साली वीजवितरण व साठवण ह्यांवर भारत-अमेरिका संयुक्त संशोधन जाहीर झाले. आपल्या बाजूने कानपूरची आय. आय. टी. अग्रभागी होती. दिल्लीत रोहिणी येथे २०१९ साली १० मेगावॅटची बॅटरी जाळ्यास जोडण्यात आली.

आपल्या पेढीशी ह्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनुसार १० किलोवॅटवरील व्यापारी व औद्योगिक ग्राहकांस गर्दीच्या वेळी नेहमीच्या किमान १.२ पट दर, व सूर्यप्रकाशाच्या ठरविलेल्या तासांत किमान २० टक्के कमी दर लावावा, असे ठरले आहे. वेळा व प्रत्यक्ष दर राज्यांचे आयोग ठरवितात. ते आपापल्या बिलावर पाहून घ्यावेत. म्हणजे विजेलाही आता तेजी-मंदी आली. तेलगिरणीचे काम दुपारी उरकणे, शीतगृह दिवसा अधिक थंड करून सायंकाळी यंत्रास विसावा देणे, हाही एक प्रकारचा साठाच होय, आणि त्यास बॅटरी लागत नाही. बॅटरी घ्यावयाचीच झाल्यास दोन दरांतील फरक, साठवणीतील तूट व बॅटरीचे आयुष्य ह्या तिन्हींचा मेळ आधी घालावा.

एकट्या पेढीला न पेलणारी जोखीम अनेकांनी वाटून घ्यावी, नफ्याबरोबर तोट्याचीही नोंद उघडपणे ठेवावी, आणि त्यानंतर ज्याने त्याने बाजारात आपली स्पर्धा करावी, हा ह्या संशोधनाचा व्यवहार आहे. ज्या संघात प्रतिस्पर्धी एका सतरंजीवर बसून सर्वांच्या हिताचा विचार करतात, त्याच्या सभासदांस तो सहज उमगेल.