हात विकत घ्यावा की घडवावा?
बोस्टनच्या बेसबॉल चाहत्यांचा दर हिवाळ्यातील वाद

क्रीडा प्रतिनिधी

११ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने शिकागो व्हाईट सॉक्सकडून गॅरेट क्रोशे हा डावखुरा पिचर मिळवला. त्याच्या मोबदल्यात बोस्टनने आपले चार होतकरू खेळाडू शिकागोला दिले. मैदाने त्या वेळी ओस पडली होती आणि पुढील मोसम साडेतीन महिने दूर होता. तरीही बोस्टनमधील कार्यालये, उपाहारगृहे आणि आकाशवाणीवरील चर्चा या एकाच व्यवहाराने गजबजून गेल्या. एकेका मोसमात २०० हून अधिक फलंदाजांना स्ट्राइकआऊट करू शकणारा हात मिळाला, म्हणून एक पक्ष हरखला होता. दुसरा पक्ष विचारत होता की, ज्याच्या कोपरावर २०२२ साली शस्त्रक्रिया झाली आणि जो सुरुवातीचा पिचर म्हणून अवघा एकच मोसम खेळला, त्याच्यासाठी चार तरुणांचे भवितव्य का उधळायचे?

हा वाद बोस्टनला नवा नाही. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या आरंभी वर्ल्ड सिरीज संपते, तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत अमेरिकेत बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेचा सामना नसतो. या काळातील खरेदी-विक्रीच्या चर्चेला तेथे 'हॉट स्टोव्ह लीग' म्हणतात. थंडीत पेटत्या शेगडीभोवती बसून मारलेल्या गप्पा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडील पारावरच्या गप्पांचीच ही जातकुळी. मात्र या गप्पांतील सर्वाधिक कडवा विषय बहुधा पिचर हाच असतो. असे का, हे समजून घेण्यासाठी आधी या खेळाची घडण पाहावी लागेल.

पाच जणांची फळी

पिचर म्हणजे क्रिकेटच्या भाषेत गोलंदाज, हे स्थूलमानाने खरे आहे. परंतु क्रिकेटमध्ये चार-पाच गोलंदाज आलटून पालटून षटके टाकतात. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर थकेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत एकटाच चेंडू फेकत राहतो. एकदा त्याला बाहेर काढले की त्या सामन्यात तो परतू शकत नाही. साधारण नव्वद ते शंभर चेंडू फेकल्यावर त्याला किमान चार दिवसांची विश्रांती दिली जाते. मोसम १६२ सामन्यांचा असतो आणि सामने जवळपास रोज होतात. साहजिकच प्रत्येक संघाला सुरुवातीच्या पिचरांची पाच जणांची फळी बाळगावी लागते. त्यांच्या मागे अखेरची षटके सांभाळणाऱ्या राखीव पिचरांचा ताफा वेगळाच.

याचा अर्थ असा की, उत्तम पिचर मोसमात फार तर बत्तीस-तेहतीस सामने सुरू करतो. पण त्या दिवशी सामन्याचे पारडे एकट्याच्या हाताने झुकवू शकतो. बाद फेरीत सामने मोजके असतात. तेथे असे दोन पिचर असले, तर मधल्या फळीतील अनेक उणिवा झाकल्या जातात. म्हणूनच त्यांची किंमत अफाट वाढते.

खरेदीचे दोन मार्ग

आयपीएलचा लिलाव एक-दोन दिवसांत उरकतो. बेसबॉलमध्ये लिलावच नसतो. तीन-चार महिने स्वतंत्र वाटाघाटी चालतात. पिचर मिळवण्याचे प्रमुख मार्ग दोन. पहिला, मुक्त झालेल्या खेळाडूशी करार करण्याचा. सर्वोच्च स्तरावर सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर आणि करार संपल्यावर खेळाडू कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. डिसेंबर १९७५ मधील लवादाच्या ऐतिहासिक निर्णयानंतर हा हक्क खेळाडूंच्या पदरी पडला. यात मोबदला पैशांत द्यावा लागतो. संघांच्या खर्चावर पक्की मर्यादा नसली तरी ठरावीक रकमेपुढे अधिभार भरावा लागतो. २०२५ साली ही रक्कम २४ कोटी १० लाख डॉलर होती.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. येथे मोबदला बहुधा खेळाडूंच्या रूपाने द्यावा लागतो आणि ते बव्हंशी कनिष्ठ स्तरावर घडत असलेले तरुण असतात. पहिल्या मार्गात पैसा मालकाचा जातो, दुसऱ्यात संघाचे भविष्य जाते. कोणता तोटा पत्करावा, हा वादाचा पहिला पदर होय.

कोपराचा प्रश्न

दुसरा पदर शरीराचा आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने कोपर सरळ करण्यावर नियमांचे बंधन असते. बेसबॉलमध्ये असे बंधन नाही. वाकवलेला हात झटक्यात सरळ करून ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू फेकला जातो. हा सारा ताण कोपराच्या आतील बाजूच्या एका अस्थिबंधावर येतो. तो तुटला की एके काळी पिचरची कारकीर्द संपत असे. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात शरीरातील दुसऱ्या जागेचा स्नायुरज्जू बसवला आणि तो पुन्हा खेळू लागला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. तथापि, तीनंतर मैदानावर परतण्यास सर्वसाधारणपणे वर्ष ते दीड वर्ष जाते. दीर्घ करार करणारा संघ, थोडक्यात, एका अस्थिबंधाच्या टिकाऊपणावर पैज लावत असतो.

इतिहास दोन्ही बाजूंचा

वाद रंगतो तो यामुळे की बोस्टनचा इतिहास दोन्ही पक्षांना पुरावे पुरवतो. डिसेंबर १९१९ मध्ये मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला एक लाख डॉलरना न्यूयॉर्क यँकीजला विकले. रूथ मूळचा पिचर. १९१८ च्या विजेतेपदात त्याच्या पिचिंगचा मोठा वाटा होता. त्यानंतर बोस्टनला पुढील विजेतेपदासाठी २००४ पर्यंत, म्हणजे ८६ वर्षे, वाट पाहावी लागली. ऑगस्ट १९९० मध्ये लॅरी अँडरसन या राखीव पिचरसाठी संघाने जेफ बॅगवेल हा तरुण फलंदाज ह्यूस्टनला दिला. अँडरसन बोस्टनकडून १५ सामने खेळला. बॅगवेलने ४४९ होमरन ठोकून २०१७ साली 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळवले. तरुण खेळाडू देऊ नका म्हणणारा चाहता आजही हे नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

मात्र नोव्हेंबर १९९७ मध्ये कार्ल पावानो आणि टोनी आर्मास या दोन नवोदित पिचरांच्या बदल्यात माँट्रियलकडून पेड्रो मार्टिनेझ आला. बोस्टनकडून तो ११७ सामने जिंकला, अवघे ३७ हरला आणि सर्वोत्कृष्ट पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार त्याने १९९९ व २००० असा लागोपाठ मिळवला. २००३ च्या नोव्हेंबरात कर्ट शिलिंग आला आणि पुढच्याच वर्षी घोट्याला टाके घातलेल्या अवस्थेत, रक्ताने डागाळलेला मोजा घालून यँकीजविरुद्ध उभा राहिला. ८६ वर्षांचा दुष्काळ या दोन अदलाबदलींविना फिटला असता काय, हा प्रतिपक्षाचा बिनतोड सवाल.

नोव्हेंबर २००५ मधील व्यवहार तर दोन्ही पक्षांना कोड्यात टाकणारा. हॅनली रामिरेझ, अनिबाल सांचेझ आदी तरुण फ्लोरिडाला देऊन बोस्टनने जॉश बेकेट व माइक लोवेल यांना आणले. रामिरेझ २००६ साली नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, सांचेझने त्याच वर्षी प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देण्याचा पराक्रम केला. इकडे बेकेट २००७ च्या मोसमात २० सामने जिंकला आणि त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी ठरला लोवेल. या व्यवहारात फसले कोण? उत्तर एकच : कोणीही नाही. पण असे व्यवहार विरळा.

लेस्टर, प्राइस आणि सेल

अलीकडच्या पिढीच्या चाहत्यांचे दुखणे वेगळे आहे. जॉन लेस्टर हा बोस्टननेच घडवलेला पिचर. कर्करोगावर मात करून त्याने २००७ च्या वर्ल्ड सिरीजचा निर्णायक सामना जिंकला. २०१३ च्या मालिकेत तो दोनदा विजयी ठरला. तिशीकडे झुकलेल्या पिचरना दीर्घ करार देण्याबाबत व्यवस्थापन साशंक होते. २०१४ च्या आरंभी त्याच्यापुढे चार वर्षांसाठी सात कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवल्याचे वृत्त आले आणि तो बाजारभावापेक्षा बराच कमी असल्याची टीका झाली. जुलैत लेस्टरला ऑकलंडला देण्यात आले. डिसेंबरमध्ये तो शिकागो कब्जकडे सहा वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलरना गेला आणि २०१६ मध्ये त्या संघाचाही १०८ वर्षांचा दुष्काळ फिटला.

लेस्टरविना २०१५ चा मोसम बोस्टनने गटात तळाला राहून संपवला. मग त्याच मालकांना डिसेंबर २०१५ मध्ये तिशी गाठलेल्याच डेव्हिड प्राइसला सात वर्षांसाठी २१ कोटी ७० लाख डॉलर द्यावे लागले. घरचा हात स्वस्तात मागितला आणि बाहेरचा हात महागात घेतला, असे चाहते चिडून म्हणू लागले. तरीही २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन सामने जिंकून, त्यांतील अखेरचा विजेतेपदाचा, प्राइसने आपल्या टीकाकारांना गप्प केले.

त्या मालिकेतील शेवटचा फलंदाज स्ट्राइकआऊट केला तो ख्रिस सेलने. डिसेंबर २०१६ मध्ये योआन मोंकाडा व मायकेल कोपेक यांच्यासह चार तरुण देऊन त्याला आणले होते आणि २०१७ मध्ये त्याने ३०८ स्ट्राइकआऊटचा पल्ला गाठला. येथवर सारे सुरळीत होते. मार्च २०१९ मध्ये मात्र त्याच्याशी पाच वर्षांचा, १४ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करार झाला. वर्षभरात त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे बरगडी, बोट, मनगट अशी दुखापतींची रांगच लागली. २०२० ते २०२३ या चार मोसमांत तो बोस्टनसाठी मोजून ३१ सामने सुरू करू शकला.

डिसेंबर २०२३ च्या अखेरीस बोस्टनने ३४ वर्षांच्या सेलला व्हॉन ग्रिसम या तरुण खेळाडूच्या बदल्यात अटलांटाला दिले. वर त्याच्या वेतनापोटी एक कोटी ७० लाख डॉलरही मोजले. त्याच सुमारास लुकास जिओलिटो या पिचरशी दोन वर्षांसाठी ३ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला. पुढे घडले ते असे : जिओलिटोच्या कोपरावर मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ चा मोसम त्याला मुकावा लागला. सेलने मात्र अटलांटाकडून १८ सामने जिंकले, विजय, धावांची सरासरी आणि स्ट्राइकआऊट या तिन्ही बाबतींत नॅशनल लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले आणि कारकिर्दीतील पहिला साय यंग पुरस्कार पटकावला.

निकाल की निर्णय?

येथे वाद त्याच्या गाभ्याशी येतो. निर्णयाची पारख निकालावरून करायची, की निर्णयाच्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरून? चार वर्षे जायबंदी राहिलेला, चौतिशीतला पिचर देऊन टाकणे अविचाराचे होते, असे त्या दिवशी फारसे कोणी म्हणू शकले नसते. उलट, २०१९ च्या करारापूर्वीच्या मोसमात सेलचा खांदा दुखावला होता आणि त्याचा जुना करार संपायला आणखी एक वर्ष होते. म्हणजे चाहते ज्या व्यवहाराबद्दल हळहळतात त्यापेक्षा पाच वर्षे आधीचा, त्या वेळी बहुतेकांना सुखावणारा करारच अधिक धोक्याचा होता. विजेतेपदाच्या आनंदात केलेल्या खरेदीकडे शंकेने पाहणे अवघड जाते. पराभवानंतर केलेल्या विक्रीकडे सारेच शंकेने पाहतात. वादातील दोन्ही पक्ष या मोहातून सुटलेले नाहीत.

नवोदितांचे मोलही असेच फसवे असते. सेलसाठी दिलेला मोंकाडा २०१९ मध्ये चमकला, पण ती उंची टिकवू शकला नाही; कोपेकच्या कोपरावरही २०१८ साली शस्त्रक्रिया झाली. घडवायला ठेवलेला हातही मोडू शकतो. बॅगवेलचे नाव घेणारे पावानोचे नाव सहसा घेत नाहीत.

क्रोशेच्या बाबतीत पहिल्या वर्षाचा कौल खरेदीच्या बाजूने गेला. एप्रिल २०२५ च्या प्रारंभी त्याच्याशी सहा वर्षांचा, १७ कोटी डॉलरचा करार झाला. त्या मोसमात त्याने १८ सामने जिंकले, २५५ फलंदाजांना स्ट्राइकआऊट केले आणि बाद फेरीतील पहिल्या सामन्यात यँकीजना त्यांच्याच मैदानावर नमवले; पुढील दोन सामने हरल्याने बोस्टनचे आव्हान मात्र संपले. दुसरीकडे, बोस्टनने दिलेले काइल टील आणि चेस मीड्रॉथ २०२५ मध्येच शिकागोच्या मुख्य संघात खेळू लागले. क्रोशेचा करार २०३१ पर्यंतचा आहे आणि पैज पुन्हा त्याच अस्थिबंधावर आहे. तेव्हा अंतिम हिशेब आताच मांडणे उतावीळपणाचे ठरेल.

वादाचे मोल

चाहत्यांच्या या चर्चेला निरुद्योगी मंडळींचा उद्योग म्हणून हिणवण्याचे कारण नाही. कॅन्सस राज्यातील एका अन्नप्रक्रिया कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करताना बिल जेम्स नावाचा बेसबॉलवेडा आकडेवारीची टिपणे लिहीत असे. खेळाडूंच्या मोलाविषयीचे रूढ समज त्याने आकड्यांनी तपासले. २००२ साली रेड सॉक्सने त्यालाच सल्लागार म्हणून नेमले. त्याच वर्षी संघाची सूत्रे थिओ एपस्टाईन या अवघ्या २८ वर्षांच्या, फेनवे पार्क मैदानालगतच्या ब्रुकलाईन गावात वाढलेल्या तरुणाकडे आली. दोन वर्षांत ८६ वर्षांचा दुष्काळ संपला. शेगडीभोवतीचा प्रश्न, अमुक खेळाडूचे खरे मोल किती, हाच तोवर संघाच्या कार्यालयातील प्रश्न झाला होता.

निर्णय अखेर मालक आणि व्यवस्थापनच घेतात. चाहत्यांच्या हाती असतात तिकिटे आणि निष्ठा. मात्र आपल्या संघाने आज जिंकावे की पाच वर्षांनी, या प्रश्नाची झळ प्रथम त्यांनाच बसते. ८६ वर्षांच्या प्रतीक्षेत बोस्टनच्या कित्येक कुटुंबांतील आजोबा विजेतेपद न पाहताच गेले. ज्यांनी ते पाहिले आहे, त्यांना आज जिंकण्याची घाई का असते, हे त्यावरून समजू शकते. आणि ज्यांनी बॅगवेलला जाताना पाहिले, त्यांचा हात देण्यापूर्वी का आखडतो, हेही.