घोणशीच्या विषातली कात्री

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नेवासा तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका वस्तीवरचा पंचविशीतला मुलगा दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायला गेला होता. वीज रात्रीची, म्हणून पाणीही रात्रीचे. दारे धरताना घोट्याला काहीतरी डसले. बॅटरीच्या उजेडात जाडजूड, तपकिरी, पाठीवर साखळीसारखे ठिपके असलेले जनावर पाचटात शिरताना दिसले. मालक म्हणाला, "अजगराचे पिल्लू असेल, त्याला कुठले विष!" घरी आणून पायाला सुतळी आवळली. लिंबाचा पाला चघळायला दिला. पाला कडू लागतो म्हणाला, म्हणजे विष चढलेले नाही असे ठरले. पहाटे देवऋष्याकडे नेले. उजाडल्यावर हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा कुठे गाडी दवाखान्याकडे वळली. मधे आठ तास गेले होते.

मुलगा वाचला, पण मूत्रपिंडांनी काम सोडले होते. पाच वेळा डायलिसिस करावे लागले. तीन महिन्यांची रोजंदारी बुडाली ती वेगळीच. त्याच्या कागदपत्रांसाठी आम्ही रुग्णालयात खेटे घालत होतो. आमचा पेशा कारकुनाचा, शिक्षण वाणिज्य शाखेचे. शरीरशास्त्राशी संबंध शाळेपुरताच. पण त्या आठ तासांत मुलाच्या अंगात नेमके काय चालले होते, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असते आणि ते मुख्यतः चरबीच्या जातीच्या पदार्थाचे असते. अंड्याच्या पिवळ्या बलकात जे लेसिथिन असते, तेही याच जातीचे. या आवरणामुळे पेशीतले आत राहते आणि बाहेरचे बाहेर. कुडाच्या घराला सारवण असते, तसेच म्हणा. घोणशीच्या विषात एक एन्झाइम असते (शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात). त्याचे नाव फॉस्फोलायपेज ए-२. ही एक कात्रीच समजा. आवरणातल्या चरबीच्या रेणूला दोन शेपट्या असतात, त्यातली एक ही कात्री नेमकी कापते. कापल्यावर जो अर्धामुर्धा रेणू उरतो तो साबणासारखा वागतो आणि आजूबाजूचे आवरणही विरघळवू लागतो. तांबड्या रक्तपेशी फुटतात, स्नायू सडतात, डसलेली जागा सुजून काळीनिळी पडते. एन्झाइमची खोड अशी की काम करून ते स्वतः संपत नाही. एक रेणू कापला की दुसरा, मग तिसरा.

घोणशीच्या विषात ही एकच कात्री नाही. रक्त गोठवणारे घटक संपवून टाकणारी दुसरी एन्झाइमेही आहेत. म्हणून हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. म्हणूनच दवाखान्यात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनीही रक्त पाण्यासारखे पातळच राहिले, तर विष रक्तात भिनले आहे असे समजावे. लिंबाच्या पाल्यापेक्षा ही परीक्षा खरी.

मण्यारीच्या विषातही याच घराण्यातले एन्झाइम आहे, पण ते नसांच्या टोकांवर घाव घालते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला डसते. बहुतेक वेळा दुखत नाही, सूज नाही. पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात आणि श्वास अडखळतो. कोपीत, वीटभट्टीवर, ओट्यावर झोपणारी माणसे कोणाची, हे आम्ही सांगायला नको.

हे दुखणे कोणाचे आहे याचाही हिशोब झालेला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक सगळी खेड्यातली, आणि तीनचतुर्थांशांहून अधिक मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला 'दुर्लक्षित' आजारांच्या यादीत घेतले ते २०१७ साली. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगाव या आमच्या ऊसपट्ट्यात पाण्यामुळे ऊस, उसामुळे उंदीर आणि उंदरांमुळे घोणस, अशी ही साखळी आहे. त्यात घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लेच देते, तीही डझनांनी.

यावर आज खात्रीचे औषध एकच, सर्पविषावरची लस. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ती काढतात. मुंबईच्या हाफकिनमध्येही ती बनते. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. मात्र ती शिरेतूनच द्यावी लागते. काहींना तिची जोरदार रिअ‍ॅक्शन येते, म्हणून डॉक्टर समोर लागतात. लस दवाखान्यात आणि साप बांधावर. माणूस मरतो तो या मधल्या रस्त्यावर.

हा रस्ता मोठमोठ्या विद्वानांनाही चुकलेला नाही. अमेरिकेतले सर्पतज्ज्ञ जोसेफ स्लोविन्स्की २००१ साली म्यानमारच्या दुर्गम भागात मण्यारीच्या दंशाने गेले. सोबत्यांनी तासन् तास तोंडाने श्वास दिला, पण मदत वेळेवर पोहोचली नाही. ते ज्या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान संस्थेत काम करत, तिथल्याच डॉ. मॅथ्यू ल्यूइन यांनी पुढे हा मधला रस्ता भरून काढण्याचा ध्यास घेतला. शेतातच घेता येईल अशी गोळी मिळाली तर?

गोळीचे औषध कपाटात पडूनच होते म्हणा ना! व्हॅरेस्प्लॅडिब हे त्याचे नाव. फॉस्फोलायपेज ए-२ ची भावंडे आपल्या शरीरातही असतात. स्वादुपिंडातून येणारे एक तर खाल्लेली चरबी पचवायला मदत करते. सुजेच्या वेळी रक्तात वाढणाऱ्या भावंडाला आवर घातला तर हृदयविकार टळेल, अशा आशेने हे औषध तयार झाले होते. तिथे ते सपशेल नापास झाले; २०१२ साली मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली. ल्यूइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच औषध सापांच्या विषावर लावून पाहिले. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केले की प्रयोगशाळेत अनेक जातींच्या सापांच्या विषातली ही कात्री या औषधाने बोथट होते. रेणू लहान, म्हणून त्याचा एक प्रकार पोटातून घेता येतो.

पुढे भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत सर्पदंशाच्या रुग्णांवर चाचणी झाली. लस नेहमीप्रमाणे दिलीच, जोडीला हे औषध. २०२४ साली निकाल आला. सगळे रुग्ण एकत्र धरले तर ठळक फरक दिसला नाही. पण दंशानंतर पाच तासांच्या आत ज्यांना औषध मिळाले, त्यांना फायदा झाल्याची चिन्हे दिसली. आम्हाला हे वाचून नवल वाटले नाही. आवरण फाटल्यावर कात्री बोथट करून काय उपयोग? आणि घोणशीच्या विषातल्या दुसऱ्या एन्झाइमांवर हे औषध चालत नाही, म्हणून लसीची जागा ते घेणार नाही. गोळी अजून दुकानात आलेली नाही, हेही स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कोणी बाजारात त्या नावाने साखरेच्या गोळ्या विकायचा.

तोपर्यंत वेळ आपल्याच हातात आहे. डसलेल्याला चालवू नका, पळवू नका. सुतळी, दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. जोडवी, बांगड्या, अंगठी आधी काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. साप मारण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी लांब असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून निघा, आणि निघण्यापूर्वी लस आहे का ते दवाखान्यात फोन करून विचारा. एखादा मांत्रिक दवाखान्यात जाण्यापासून अडवत असेल तर तो गुन्हा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत सर्पदंशाचा स्पष्ट उल्लेख आहे. आमच्या वस्तीवर आम्ही तो मोठ्याने वाचून दाखवला.

तो मुलगा आता पुन्हा कामावर जातो. गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले आहेत, तेही उसने पैसे काढून. परवा त्याला या गोळीची हकिगत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, ती गोळी आली तर मालकाने ठेवायची का आपण विकत घ्यायची?"