जॅकहॅमर: गेममध्ये सुपरहिट, पण कुठल्याच सैन्याने न घेतलेली शॉटगन

'मॅक्स पेन' किंवा जुना 'फॉलआउट' खेळलेल्यांना जॅकहॅमर हे नाव नवीन नाही. पण ही बंदूक खरोखर बनली होती हे अनेकांच्या गावीही नसतं. तिचे चालू स्थितीतले नमुने बोटांवर मोजण्याइतकेच होते.

१९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या जॉन अँडरसन यांनी ती डिझाइन केली. अँडरसन कोरियन युद्धात लढले होते. तेव्हाच्या पंप शॉटगनमध्ये प्रत्येक बारानंतर पुढची मूठ मागे-पुढे ओढावी लागायची. ते टाळण्यासाठी त्यांनी रिव्हॉल्व्हरसारखं फिरणारं, १० काडतुसांचं चक्र निवडलं.

इथेच खरी गोम आहे. रिव्हॉल्व्हरचं चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते आणि बार उडाला की तिथून गरम वायू बाहेर फुसांडतो. पिस्तुलात हात मागे असतो, त्यामुळे चालून जातं. लांब बंदुकीत मात्र आधार देणारा हात फटीच्या पुढे येतो. १९ व्या शतकात कोल्ट कंपनीच्या फिरत्या चक्राच्या रायफलींना हीच अडचण आली होती.

अँडरसन यांनी नळीच हलती केली! बार उडताना नळी चक्राला घट्ट चिकटलेली असते. मग वायूच्या दाबाने ती पुढे सरकते, फट उघडते. सरकणारा दांडा चक्रावरच्या नागमोडी खाचांतून फिरत पुढचं काडतूस समोर आणतो आणि स्प्रिंग नळीला परत जागेवर ढकलते. नागमोडी खाचांची कल्पना मात्र जुनीच. वेब्ली-फॉसबेरी या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरमध्ये ती आधीच होती.

वेग होता मिनिटाला सुमारे २४० बार, म्हणजे सेकंदाला ४. ऐकायला भारी वाटतं, पण गणित करा: १० काडतुसं अडीच सेकंदांत खलास. रिकामी काडतुसं आपोआप बाहेर पडत नसत, चक्रातच राहत. म्हणून अख्खं चक्र काढून नवीन लावायचं. अशी जाडजूड चक्रं सैनिकाने किती बाळगायची? त्यात प्लॅस्टिकचा भरपूर वापर करूनही बंदुकीचं वजन साडेचार किलोच्या आसपास.

१९८७ मध्ये पेटंट मिळालं, पण मोठी ऑर्डर आलीच नाही आणि अँडरसन यांची पॅनकॉर कंपनी बुडाली. तिच्याकडे आणखी एक अचाट कल्पना होती: भरलेलं चक्र बंदुकीतून काढून थेट भूसुरुंग म्हणून वापरायचं.