ऊन फुकट, रात्र विकत : धाराशिवच्या शेतवस्तीवरील विजेचा हिशेब

वाशी किंवा भूम तालुक्यातल्या माळावर रात्री उभे राहिले, की पवनचक्क्यांवरचे लाल दिवे लांबपर्यंत दिसतात. धाराशिव तालुक्यात कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. ऊन आणि वारा विकणारा असा हा जिल्हा. पण त्याच माळाच्या पायथ्याशी एखाद्या शेतवस्तीवर पोरगी मोबाईलच्या उजेडात वही धरून बसलेली असते. पवनचक्कीची वीज उच्चदाबाच्या तारेने निघून जाते. ती वाटेतल्या घरात उतरत नाही.

गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा झाल्यापासून गावातल्या घरांची स्थिती सुधारली. वस्ती मात्र शेतीच्या फीडरवर राहिली. तिथे थ्री फेज मिळते ती मोटारीपुरती, ठरावीक तास, कधी दिवसा तर कधी रात्री. काही ठिकाणी उरलेल्या वेळात सिंगल फेज सोडतात, पण कन्डेन्सर लावून तिच्यावरही मोटारी ओढल्या जातात आणि बल्ब मिणमिणतो. डीपी जळाली तर आठवडा गेलाच. तारेवाचून जगणे हा शहरातल्या माणसाला हौसेचा प्रयोग वाटतो. इथे ते निम्मे आधीच घडलेले आहे, कुणाला न विचारता.

मग उरलेले निम्मे आपल्या हाताने नीट करता येईल का? गेली बरीच वर्षे मी वस्त्यावस्त्यांवर हाच प्रश्न घेऊन हिंडतो आहे. मी विजेचा पदवीधर नाही. जे थोडे कळले ते वाचून, विचारून आणि दोन-तीन बॅटऱ्या वाया घालवून कळले.

सोलर आहे, तरी अंधार

पहिली समजूत दूर केली पाहिजे. छतावर सोलर बसवले की लाईट जाणारच नाही, असे पुष्कळांना वाटते. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पीएम सूर्य घर’ योजना सुरू झाली. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते आणि बिल खरोखर उतरते. परंतु ही यंत्रणा तारेला जोडलेली असते. तिचा इन्व्हर्टर तारेतल्या विजेचा ताल धरून चालतो. तारेतली वीज गेली की तो क्षणात थांबतो, आणि ते योग्यच आहे. तो थांबला नाही तर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. म्हणून भर दुपारी डोक्यावर ऊन असताना, छतावर तीन किलोवॅट असताना, घरातला पंखा बंद असतो.

तारेवाचून चालणारी यंत्रणा वेगळी. तिच्यात पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर असे चार भाग असतात. सूर्य घर योजनेचे अनुदान या यंत्रणेला नाही. ज्या वस्तीला हिची खरी गरज आहे, तिथे बहुधा घरगुती मीटरही नसतो. ही यंत्रणा तिला स्वतःच्या पैशातूनच उभी करावी लागते. म्हणून ती घेण्याआधी हिशेब यायला हवा.

एका घराचा हिशेब

नऊ वॅटचे चार बल्ब पाच तास चालले, तर १८० वॅट-तास. टीव्ही तीन तास, १५०. दोन-तीन मोबाईल, ४०. साध्या छताच्या पंख्याला ७५ वॅट लागतात; असे दोन पंखे रात्रभर, म्हणजे दहा तास चालले, तर १५००. बेरीज १८७० झाली, म्हणजे जवळपास दोन युनिट. त्यात पंख्यांचाच वाटा चार-पंचमांश आहे.

पंखा ही इथे चैन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने उमरगा-लोहाऱ्याची घरे पाडली, तेव्हा माणसे मेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि मातीच्या माळवदाखाली. त्यानंतर लोकांनी डोक्यावरची माती उतरवून पत्रे टाकले. जीव वाचला, पण माळवदाचा गारवा गेला. मे महिन्यात पत्र्याखाली पंख्याशिवाय झोप नाही.

आता तेच पंखे बीएलडीसी घेतले, तर एकाला सुमारे ३० वॅट लागतात. १५०० चे ६०० होतात आणि घराची बेरीज ९७० वर, म्हणजे एका युनिटवर येते. पॅनेल वाढवण्याआधी पंखा बदलावा, हा या लेखातला सर्वांत स्वस्त सल्ला.

एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. म्हणजे ४०० वॅटचे पॅनेल दीड युनिट देईल. बॅटरीत भरताना आणि काढताना पाव हिस्सा गळाला, तरी एक युनिट हातात राहते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे, उतार १८ अंशांच्या आसपास. धाराशिवचा अक्षांश तेवढाच आहे. उन्हाळ्यात वीज जास्त मिळते, हेही अर्धेच खरे. पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको. मेमध्ये काच ६५ अंशांपर्यंत तापली, की १३-१४ टक्के वीज कमी होते. त्यामुळे पॅनेल पत्र्याला चिकटवू नये, खालून वारा खेळू द्यावा.

खरा खर्च रात्रीचा आहे. १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीत १.८ युनिट मावते. पण शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नसते, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे वापरायला मिळतात ०.९ युनिट. वरच्या घराची बरोबर एक रात्र. माझी पहिली बॅटरी चौदा महिन्यांत मेली. विकणाऱ्याने ‘दीडशे एएच’ सांगितले होते, ‘निम्मीच वापरा’ हे सांगितले नव्हते. लिथियम फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांहून जास्त रिकामी केलेली चालते आणि टिकतेही जास्त, पण एकदम मोजावी लागणारी रक्कम मोठी.

आणि श्रावणात दोन दिवस सूर्य दिसला नाही तर? तीन बॅटऱ्या घ्या, किंवा पंखा बंद ठेवा. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पाऊस मोजक्या दिवसांत पडतो आणि पाणी बारा महिने लागते, हे तो विहीर आणि शेततळ्यावरून शिकलेला आहे. विजेचेही तसेच. पडते किती यापेक्षा साठते किती आणि पुरवतो कसे, यावर घर चालते.

गोबरगॅस आणि दुष्काळ

चुलीचे काम विजेवर ढकलू नये. ते एवढ्या बॅटरीत बसत नाही. त्यासाठी गोबरगॅस हा जुना उपाय आहे. दोन घनमीटरच्या दीनबंधू संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो, स्लरी शेताला जाते. चार-पाच जनावरे दावणीला असली की भागते.

अडचण पुढे आहे. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात जनावरे चारा छावणीत गेली किंवा बाजारात. पाणी टँकरचे. शेण नाही, पाणी नाही. संयंत्र उपाशी राहिले, आतली स्लरी वाळून घट्ट झाली. पाऊस परतल्यावर ती खणून काढून पुन्हा सुरू केलेली संयंत्रे मला फार थोडी दिसली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र केले. त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पण वस्तीवरचे खरकटे कोंबड्या आणि कुत्रे शिल्लक ठेवत नाहीत. म्हणून गोबरगॅस जरूर करावा, पण त्याच्या भरवशावर सिलिंडर परत करू नये.

विहिरीवरचा सूर्य

आता या भागातली सर्वांत विचित्र गोष्ट. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी पाच टक्के रक्कम भरतो आणि त्याच्या विहिरीवर पंप येतो. तीन अश्वशक्तीच्या पंपाला तीन किलोवॅटच्या आसपास पॅनेल असतात. वरच्या हिशेबातल्या घराला लागतात त्याच्या सातपट. मार्च ते मे, ऊन सर्वांत चांगले, आणि तेव्हाच विहीर तळाला गेलेली. पंप बंद, पॅनेल तापत उभे, पलीकडचे घर अंधारात.

कंट्रोलरला फक्त मोटार कळते, हे याचे कारण. पंप थांबल्यावर तीच वीज चक्की, कडबाकुट्टी किंवा बॅटरीकडे वळवणारा ‘युनिव्हर्सल कंट्रोलर’ अस्तित्वात आहे आणि केंद्राच्या कुसुम योजनेच्या नियमांत त्याला जागाही आहे. पण बहुतेक विहिरींवर साधाच कंट्रोलर आला. काहीजण परस्पर वायर जोडतात. त्याने पाच वर्षांची हमी जाते. शिवाय ओळीने जोडलेल्या पॅनेलांचा डीसी दाब तीनशे-चारशे व्होल्टपर्यंत असतो आणि तो जीव घेऊ शकतो. असे करू नये. मागणी मात्र करावी : पंपाबरोबर घरासाठी एक वाट द्या. नवे पॅनेल नको, नवी जागा नको. जिल्ह्यात उभ्या असलेल्या विजेतून वस्तीचा अंधार मिटवण्याचा याहून जवळचा मार्ग मला दिसत नाही.

दुरुस्ती कोणाची?

तार तोडली की वीज मंडळ आपल्याच घरात येते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे, काच पुसणे, टर्मिनलवरचा हिरवा क्षार खरवडणे, आज किती वापरायचे ते ठरवणे, ही कामे कुणीतरी रोज करावी लागतात. बंद पडलेल्या यंत्रणा मी उघडून पाहिल्या तेव्हा पॅनेल बहुतेक ठिकाणी ठीक होते. कोरडी पडलेली बॅटरी किंवा जळालेला एखादा फ्यूज, एवढ्यावर सगळे थांबलेले.

भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये उभ्या राहिलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने यातले एक मर्म ओळखले. गावातल्याच बायकांनी ‘सखी’ म्हणून सौरदिवे आणि सुधारित चुली घरोघरी नेल्या. दिवा बिघडला तर विचारायला जायचे घर दोन गल्ल्यांवर होते. संस्थेला २०१७ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला, पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ते दोन गल्ल्यांवरचे घर आहे.

आजही मी वस्तीवर गेलो, की पॅनेल किती वॅटचे हे नंतर विचारतो. आधी विचारतो, बॅटरीत पाणी कोण घालते? ज्या घरात या प्रश्नाला एखाद्या माणसाचे नाव मिळते, तिथे रात्री दिवा लागलेला असतो.